यादीतला सत्तावीस नंबर

ओरेस्ट प्रोकोपचुकची तिसऱ्यांदा अदलाबदल झाली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा राहून कांदा चिरत होता. फोन वाजला. पलीकडे मिलवॉकीच्या आइस हॉकी संघाचा मॅनेजर होता.

"स्वागत आहे आमच्या कुटुंबात!" मॅनेजर म्हणाला. "तुला घेतल्याचा फार आनंद झाला बघ. आणि हो, यायची काही गरज नाही बरं का."

"ठाऊक आहे," ओरेस्ट म्हणाला.

"मान कशी आहे?"

"तशीच."

"उत्तम, उत्तम!" म्हणत मॅनेजरने फोन ठेवला.

मोडक्या मानेला उत्तम म्हणणारा माणूस ऐकून तुम्ही म्हणाल, काय हा निर्लज्ज! पण त्याच्या दृष्टीने ते खरंच उत्तम होतं. लीगचा नियमच तसा. खेळाडूंच्या पगारावर प्रत्येक संघाने एका रेषेच्या वर जायचं नाही आणि दुसऱ्या एका रेषेच्या खालीही उतरायचं नाही. मिलवॉकीचा मालक पक्का चिकट. खालच्या रेषेला टेकायला त्याला थोडे पैसे कमी पडत होते. ओरेस्टचा करार होता वर्षाला पंचेचाळीस लाख डॉलरचा, आणि त्यातले बहुतेक विमा कंपनी देत होती, कारण ओरेस्टच्या मानेतले दोन मणके स्क्रू मारून एकत्र बसवलेले होते आणि या जन्मी तो पुन्हा खेळणार नव्हता. म्हणजे वहीत पंचेचाळीस लाख आणि मालकाच्या खिशातून चणे-फुटाणे. असा खेळाडू मिळणं म्हणजे लॉटरीच की! तो बरा झाला असता तरच पंचाईत होती.

हॅमिल्टनसाठी तो दहा वर्षं खेळला, तिथेच त्याची मान मोडली. हॅमिल्टनने त्याला ह्यूस्टनला दिला, ह्यूस्टनने पोर्टलंडला, पोर्टलंडने आता मिलवॉकीला. या तिघांपैकी एकाचीही जर्सी त्याने अंगात घातली नव्हती. तो आपला सस्कॅचेवनमधल्या कॅनोरा गावात, बापाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, कांदा चिरत होता.

एके काळी असं नव्हतं. बावीस वर्षांचा असताना त्याच्या पहिल्या संघाने त्याला वेव्हरवर टाकलं होतं. वेव्हरचा हिशेब सरळ असतो: हा पोरगा आम्हाला नको, कुणाला हवा असेल तर चोवीस तासांत उचला, बदल्यात काही देऊ नका, फक्त त्याचा पगार तुमच्या डोक्यावर. त्या चोवीस तासांत ओरेस्टच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, हॅमिल्टनने उचललं! त्या रात्रीच विमान, आणि त्याच्या पुढच्या रात्री तो बर्फावर. टाकणारा एक निघाला तसा उचलणाराही निघाला, आणि उचलणाऱ्याला तो खरोखर हवा होता. त्या दिवशी ओरेस्ट विमानतळाच्या संडासात जाऊन आनंदाने रडला होता. हे त्याने आजवर फक्त बायकोला, जोलीनला, सांगितलं होतं.

आताच्या या भानगडी सगळ्या गावाला माहीत होत्या. लीगच्या यादीत त्याच्या नावापुढे "दुखापत: शरीराचा वरचा भाग" एवढंच लिहिलेलं असायचं, कारण कुणाचं काय मोडलंय ते या खेळात कुणी कुणाला सांगत नाही. सकाळी कॉफीला जमणारे म्हातारे त्याला आत येताना पाहिलं की सुरू व्हायचे. "काय रे ओरेस्ट, वरचा भाग काय म्हणतोय?" "अरे, आज कुठल्या संघातून न खेळता दमलास?" ओरेस्ट हसायचा. गावचे लोक, आपलेच. त्यांच्यावर काय रागवायचं?

माहीत नव्हतं ते एकट्या लेसियाला, त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला.

लेसियाच्या समजुतीने टाटोची, म्हणजे तिच्या बाबाची, मान दुखत होती, आणि मान बरी झाली की टाटो खेळणार होता. दुखणं म्हटलं की ते बरं होतंच, नाही का? ह्यूस्टनने टाटोला घेतलं तेव्हा तिने ह्यूस्टनचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि प्रत्येक सामना टीव्हीसमोर मांडी घालून, शेवटचा भोंगा वाजेपर्यंत पाहिला. सत्तावीस नंबर दिसतो का, एवढंच. पोर्टलंडने घेतल्यावर ह्यूस्टनचं वेळापत्रक कचऱ्यात आणि पोर्टलंडचं फ्रिजवर. मिलवॉकीची बातमी आल्यावर वर्गातला एक कार्टा तिला म्हणाला, "तुझा बाप खेळतबिळत नाही." तिने त्याला तिथल्या तिथे सुनावलं, "न खेळणाऱ्याला कोण कशाला घेईल रे, ढब्बू? माझ्या टाटोला तीन-तीन संघांनी मागून घेतलंय!"

घरी येऊन तिने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. ओरेस्टला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"सांगून टाक तिला," जोलीन म्हणाली. जोलीन गावच्या दवाखान्यात नर्स. रोज लोकांना खरं सांगायची तिला सवय.

"लायलने बजावलंय ना. करार संपेपर्यंत 'निवृत्त' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आपण होऊन निवृत्त झालो तर पगार, विमा, सगळंच गेलं. ती शाळेत बोलली, कुणी कुठे छापलं..."

"लायल तुझा एजंट आहे. लेसियाचा बाप नाही."

एजंटचं आपलं निमित्त हो! नऊ वर्षांच्या पोरीच्या बोलण्यावरून लीग काय चौकशी बसवणार होती? खरी गोष्ट अशी, की ओरेस्ट घाबरत होता. साऱ्या जगात एकच माणूस उरलं होतं, जे त्याच्याकडे अजून खेळाडू म्हणून बघत होतं. सकाळी दप्तर पाठीला लावून निघताना लेसिया विचारायची, "आज मान थोडी बरी आहे ना, टाटो?" तेव्हा तिच्या डोळ्यांत जे असायचं, ते आपल्याच तोंडाने विझवायचं? त्याच्याच्याने ते होत नव्हतं. ओठ फुटले, दात गेले, तेव्हा हा माणूस कधी मागे हटला नव्हता. आणि इथे दोन वर्षं रोज शेपूट घालत होता.

मिलवॉकीच्या अदलाबदलीनंतर चार दिवसांनी पुन्हा फोन आला. ओरेस्ट तळघरात मानेचे व्यायाम करत होता. फोन लेसियाने उचलला. वरून तिचं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

"हो, त्यांचंच घर... मी त्यांची मुलगी... नंबर? सत्तावीस! दुसरा कुठलाच नाही चालणार... हो, स्केट साडेदहा नंबरचे... धार? थांबा हं, गिडो, म्हणजे माझा आजोबा, करतो ना आमच्याकडे धार... खोल. खूप खोल हवी, म्हणजे वळताना बर्फ धरून ठेवते... हो. हो! थँक्यू!"

मग जिन्यावर धडधड पावलं.

"टाटो! टाटो! त्यांनी तुला बोलावलंय!"

"कुणी?"

"मिलवॉकीच्या मर्व्ह नावाच्या माणसाने. सामान सांभाळतो तो. जर्सी शिवून ठेवतोय म्हणाला. पुढच्या शुक्रवारी विनिपेगला सामना आहे, तिथे तुझी जागा तयार असेल म्हणाला. आपण जायचं ना? जायचंच! मी गिडोला सांगून येते!"

ती कोट अर्धवट अंगात घालून पळालीसुद्धा. ओरेस्टने मागून हाक मारली, पण त्या हाकेत काही दम नव्हता. खरं सांगायचं तर त्यालाही ते ऐकून बरं वाटलं होतं. दोन वर्षांत तीन संघ झाले, तीन मॅनेजरांनी 'स्वागत' म्हटलं, पण नंबर कुठला हवा, पायाचं माप काय, धार कशी, हे त्याला कुणीही विचारलं नव्हतं.

रात्री जोलीनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शुक्रवारी मला दिवसपाळी आहे. तुम्ही दोघं जा. पण ओरेस्ट, न सांगता परत आलास तर मी सांगेन. आणि मी सांगितलं तर ते फार वाईट दिसेल."

शुक्रवारी सकाळी नऊला बापलेक निघाले. साडेपाच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फ आणि मधे काळी पट्टी. यॉर्कटन ओलांडल्यावर ओरेस्टने घसा खाकरला. "लेसिया, ऐक." "काय?" "काही नाही. भूक लागली का?" रसेलला पुन्हा खाकरला आणि रेडिओ लावला. नीपावाला ग्रेव्ही घातलेले बटाट्याचे काप खाताना तर त्याने चक्क सुरुवात केली, "हे बघ, माझी मान..." तेवढ्यात लेसिया म्हणाली, "मला माहितीये, आज एकदम जास्त वेळ नाही खेळवणार तुला. पाच मिनिटं दिली तरी चालेल." झालं! तोंडातला काप त्याने कसाबसा गिळला.

दुपारी तीनला ते विनिपेगच्या स्टेडियमवर पोचले. त्या वेळी खेळाडू हॉटेलात झोपलेले असतात, सामन्याआधीची झोप कुणी चुकवत नाही. ड्रेसिंग रूमच्या दाराशी एक बुटका, पिकल्या मिशांचा माणूस टॉवेलांच्या घड्या घालत बसला होता.

"मर्व्ह?" ओरेस्टने विचारलं.

"ये पोरा, ये! आणि ही ती धारवाली बाई होय? या बाई, या. तुमच्यासारखं नेमकं उत्तर मला कधी कुणी दिलं नाही." मर्व्हने हात पुसत तिच्याशी हात मिळवला. "ओरेस्ट, हे बाहेरचे बर्फाचे बूट काढ रे इथेच, खाली पाणी होतं."

ओरेस्टने खाली बघायला मान वाकवली नाही. वाकतच नव्हती. त्याने एक हात भिंतीला लावला, गुडघे मोडले आणि पाठ सरळ ठेवून, खांब खाली बसावा तसा खाली बसून बूट काढले. मागे लेसिया आहे का बघायला तो वळला तोही आख्खाच्या आख्खा वळला. मर्व्हचा हात मिशीवरच राहिला. तीस वर्षं खेळाडूंची हाडं बघितलेला माणूस तो, त्याला आणखी काय सांगायला हवं होतं?

"अरे देवा," मर्व्ह हळूच म्हणाला.

पण लेसिया आत गेली होती. ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीवर जर्सी, वर नावाची पट्टी. उजवीकडून चौथी: प्रोकोपचुक, सत्तावीस. खाली नवे स्केट, धार केलेले, दोऱ्या सैल करून पाय घालायला तयार.

"टाटो, बघ! बघ ना!"

मर्व्हने ओरेस्टचा दंड धरला. "चूक माझी रे बाबा," तो कुजबुजला. "मला वरून खेळाडूंची यादी येते. यादीत नाव आलं की मी जर्सी शिवतो. दुखापतींची यादी वेगळी असते, ती मी कधी वाचत नाही, माझ्या काय कामाची? आणि पेपर वाचायचं मी केव्हाच सोडलं. मला वाटलं, घेतलाय म्हणजे खेळणार. न खेळणारा माणूस कोण घेईल?"

"माझी मुलगीही हेच म्हणते," ओरेस्ट म्हणाला.

"ती पोर... तिला ठाऊक नाही?"

ओरेस्टने हातानेच नाही म्हटलं. लेसिया जर्सीची बाही दोन्ही हातांत धरून उभी होती. तिने मर्व्हला विचारलं, "आज टाटो कितव्या फळीत?"

मर्व्हने ओरेस्टकडे पाहिलं, मग टॉवेलांकडे. "बाई, ते मी नाही ठरवत. तुमच्या टाटोलाच विचारा."

आता पळायला वाट नव्हती. ओरेस्ट आपल्या नावाखालच्या बाकावर बसला. तिला जवळ घेतलं.

"लेसिया, मी आज खेळणार नाही."

"मग पुढच्या सामन्यात?"

"पुढच्याही नाही. माझी मान बरी होणार नाही. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. एक धक्का बसला तर माझे हातपाय जातील. मी तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घाबरलो."

लेसिया जरा मागे सरली. मग म्हणाली, "खोटं. ह्यूस्टनने घेतलं. पोर्टलंडने घेतलं. यांनी घेतलं. का घेतलं मग?"

"त्यांना मी नको होतो गं. माझा पगार हवा होता, वहीत लिहायला. वहीत एक आकडा भरावा लागतो, मी म्हणजे तो आकडा."

"म्हणजे तू कुणालाच नको होतास?"

गेली दोन वर्षं तो हाच प्रश्न स्वतःपासून लपवत आला होता, आणि पोरीने तो असा सरळ समोर ठेवला. "नाही," तो म्हणाला. "कुणालाच नाही."

तेवढ्यात दार उघडून एक तरुण आत आला, गळ्यात ओळखपत्र आणि कानात फोन. मिलवॉकीचा सहायक मॅनेजर. त्याने ओरेस्टला पाहिलं, वरची पट्टी पाहिली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हे काय आहे? मर्व्ह, हा माणूस इथे कसा? अहो, हा जायबंदी आहे! कुणी फोटो काढला तर लीग विचारेल, जायबंदी माणूस स्केटशेजारी काय करतोय? मिस्टर प्रोकोपचुक, तुम्ही प्लीज..."

"घाबरू नकोस," ओरेस्ट म्हणाला. "मी मुलीशी बोलतोय. लेसिया, माझ्याकडे बघ. मी निवृत्त झालोय. माझं हॉकी संपलं."

"तो शब्द नको!" सहायकाने दोन्ही हात कानांवर ठेवले. "मी काही ऐकलेलं नाही! मर्व्ह, आपण काही ऐकलं नाही!"

"मी तर बहिराच आहे," मर्व्ह म्हणाला आणि त्या तरुणाला खांद्याला धरून बाहेर घेऊन गेला. दार लागलं.

शब्द एकदाचा सुटला होता. ओरेस्टला वाटलं होतं की तो म्हणताच आपण कोसळू. तसं झालं नाही. दोन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि तिथे नुसतं दुखत राहिलं, पण ते दुखणं त्याला सोसण्यासारखं वाटलं. आता तो लेसियाच्या रडण्याची वाट बघत होता. ती रडत नव्हती. कपाळाला आठ्या घालून कसला तरी विचार करत होती.

"नक्की?" तिने विचारलं. "कधीच नाही? दहा वर्षांनी पण नाही?"

"कधीच नाही."

"मग आज रात्रीचा सामना आपण बघायलाच हवा का?"

"का गं? एवढ्या लांब आलोय. तिकिटं आहेत. मिलवॉकीचं वेळापत्रक तर तू..."

"मला हॉकी आवडत नाही, टाटो."

ओरेस्टला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. प्रोकोपचुकांच्या घरात, जिथे तिचा आजोबा बेचाळीस वर्षं गावचं स्केटिंगचं मैदान गोठवतो, तिथली पोर हे बोलत होती.

"आवडत नाही म्हणजे?"

"कंटाळा येतो. सगळे नुसते इकडून तिकडे जातात. ते चेंडूसारखं काळं काय असतं ते दिसत पण नाही. मी फक्त तू येतोस का ते बघायचे. मला वाटायचं, तू आलास आणि नेमकं मी बघत नसले तर?"

दोन वर्षं, तीन संघ, दीडशे-दोनशे सामने. ओरेस्टने तिला छातीशी धरलं आणि तो रडला, चांगला हुंदके देऊन रडला, आणि मुलीपासून ते लपवलं नाही. ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली, मान सांभाळून.

"मग तुला काय आवडतं?" जरा वेळाने त्याने नाक पुसत विचारलं. विचारताना त्याला लाज वाटली, कारण दोन वर्षं घरी बसूनही हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

लेसियाने त्याच्याकडे निरखून पाहिलं, हा खरंच विचारतोय की उगाच, हे ठरवत. मग बाकावर त्याच्या शेजारी नीट मांडी घालून बसली.

"खूप आहे," ती म्हणाली. "वेळ आहे का तुझ्याकडे?"

"आहे," ओरेस्ट म्हणाला.